आजोबांच्या ग्लुकोमीटरचा आकडा

मित्रांनो, मी एक म्हातारा ग्लुकोमीटर आहे. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि त्यात साखर किती ते सांगायचे, हे माझे काम. कारखान्यात माझी कसून तपासणी झाली. मग औषधाच्या दुकानातून मी आजोबांच्या घरी आलो.

आजोबा निवृत्त घड्याळजी. रोज चहाआधी आमची भेट ठरलेली. आकडा चांगला आला की ते मला बाहीने पुसत आणि म्हणत, "गुणाचा आहेस हो!" आदल्या दिवशी गुपचूप केक हाणलेला असला की मात्र, "हे यंत्र बिघडलंय!" सगळे खापर माझ्यावर. मला राग यायचा, पण मला तोंड कुठे आहे?

त्यांची नात बबडी आठ वर्षांची. ती एकाएकी सारखी पाणी पिऊ लागली, सारखी लघवीला पळू लागली. फ्रॉक अंगात ढगळ झाले. "उंच होतेय," सगळे म्हणाले. एका सकाळी तिने हट्टाने बोट पुढे केले. "माझीपण साखर मोजा ना!"

आकडा चारशेच्या वर गेला. आजोबांनी तिचे हात धुऊन पुन्हा मोजले. तेवढाच! सवयीने ते म्हणाले, "बिघडलंय मेलं!" आणि मला खणात टाकू लागले. मी फार घाबरलो.

तेवढ्यात बबडीची आई आली. तिला सांध्यांचा आजार आहे. शरीराची राखण करणारी फौज तिच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी तिच्याने बाटलीचे झाकणही फिरत नाही. तिने आकडा पाहिला. "बाबा, ते बिघडलेलं नाही. आधी गाडी बोलवा." आणि तिने मलाही पिशवीत घेतले.

"वेळेत आणलंत," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उशीर जिवावर बेतला असता." बबडीला टाइप वन मधुमेह झाला होता. तिच्या शरीरातली फौज इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटली होती.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच ना?"

"आईला असा आजार असला की मुलांना धोका थोडा वाढतो, एवढंच. बहुतेक मुलांना काही होत नाही. तुमची चूक नाही यात. आणि हा गोड खाऊन होत नाही बरं, आजोबा."

आता बबडीला नवे यंत्र आले आहे, आजोबाही तेच वापरतात. मी कपाटावर धूळ खातो. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू? पण मित्रांनो, तुम्हाला फार तहान लागली, सारखे लघवीला जावे लागले, वजन घटले, तर लाजू नका. घरी लगेच सांगा. आणि आकडा आवडला नाही म्हणून यंत्राला नावे ठेवू नका.

काल सकाळी आईची बोटे आखडली होती. इन्सुलिनची सुई धरता येईना. "माझ्याकडून हेच मिळालं तुला," म्हणत ती रडू लागली.

बबडीने आरशात पाहिले. "रडायचंच असेल तर माझ्या नाकासाठी रड. तेही तुझ्यावरच गेलंय."

आई रडता रडता हसली. मग आईच्या बोटांवर बबडीने आपली बोटे ठेवली आणि दोघींनी मिळून सुई टोचली.