खुशालराव पाटलांची उंच पऱ्हाटी

सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली, वऱ्हाडात कापसाचा भाव चढला आणि भावासोबत बार्शीटाकळीच्या खुशालराव पाटलांची अक्कलही चढली. एका सकाळी ते आपल्या नव्याकोऱ्या खेचरावर बसून जयवंता माळणीच्या वाडीत आले. मूठभर विलायती सरकी पुढं करून म्हणाले, "हिचा धागा लांब, आपली गावरान काटक. दोघींचा गुण एका झाडात आण."

भोपळ्याच्या मादीफुलाला नरफूल लावण्यात जयवंताचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. तिनं दोन्ही कपाशींच्या पऱ्हाट्या शेजारी-शेजारी लावल्या आणि एकीच्या फुलाचं पिवळं पीठ दुसरीच्या फुलात घातलं. शंभर फुलांमागं जेमतेम एक सरकी हाती आली. पुढच्या साली ती पेरली, तर झाड माणसापेक्षा उंच झालं, फुलांनी लदबदलं. पाटलांनी आल्यागेल्याला ते मिरवून दाखवलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. फुलं गळत राहिली, बोंड एकही धरलं नाही.

"तुया हातालेच गुण नाही!" पाटील खेचरावरूनच ओरडले.

जयवंतानं खेचराची मान थोपटली. "पाटील, हे घोडीच्या पोटचं ना? बाप गाढव?"

"मंग! दोघांपरिस दमदार."

"अशा खेचराले कधी शिंगरू झालेलं पायलं का तुमी?"

पाटलांनी खाली खेचराकडं पाहिलं. मग पुटपुटले, "हे मले आधी कावून नाही सांगतलं?"

"तुमी त्याच्यावरच बसून आलते," जयवंता म्हणाली. "मले वाटलं, तुमाले ठाऊक असंन."