अठ्ठेचाळीस तासांचं पाणी

फुलाबाईने आयुष्याची बावीस वर्षं नाशिकमध्ये दुसऱ्यांच्या इमारतींवर घमेली वाहिली होती. भाताची कापणी उरकली की ती आणि तिचा नवरा बारकू पेठकडच्या पाड्यावरून शहरात कामाला यायची आणि पाऊस लागायच्या आत परत जायची. चौदा वर्षांपूर्वी पांडवलेण्यांच्या डोंगरामागे सरकारी घरकुलं बांधली गेली, सोडतीत तिचं नाव निघालं, आणि तेव्हापासून दोघं इथलीच झाली.

घर मिळालं खरं, पण तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब ठिबकायला लागला. पुढे गिलाव्याचे पापुद्रे सुटले, लोखंडी गज उघडे पडले. शेवटी इमारती राहण्याजोग्या नाहीत असं ठरलं आणि नवी योजना आली. जमीन सरकारची, बांधकाम एका खाजगी कंपनीचं. पुढे रस्त्याच्या बाजूला कंपनीने स्वतःचे फ्लॅट आणि दुकानं बांधून विकायची, मागे घरकुलवाल्यांना नवी घरं बांधून द्यायची, आणि दहा वर्षं त्या घरांची डागडुजीही कंपनीनेच करायची. तोवर शेजारच्या मैदानात पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं. दीड वर्षाचं बोलणं होतं, अडीच झालं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की बारकू दुपारभर बाहेर लिंबाखाली बसून धापा टाकायचा.

त्यामुळे दसऱ्याला पहिल्या इमारतीचा ताबा मिळणार हे कळलं तेव्हा शेडमध्ये आनंदीआनंद झाला. ताब्याआधी रहिवाशांच्या वतीने दोघींनी इमारत पाहून सही करायची होती. एक उज्वला, रहिवासी समितीची अध्यक्ष. मूळची सिन्नरकडची, बोलायला खमकी. दुसरी फुलाबाई. तिला बांधकामातलं कळतं म्हणून उज्वलानेच तिचं नाव सुचवलं होतं.

इमारत दृष्ट लागावी अशी होती. खाली पार्किंग, वर सात मजले, खिडक्या मोठ्या, जिन्यात भरपूर उजेड. ठेकेदाराचा सुपरवायझर संतोष पुढे होऊन दारं उघडत होता. कंपनीची इंजिनिअर वेदिका मागून कागद घेऊन चालत होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर, बोलायला गोड.

"झकास झालंय हो," उज्वला म्हणाली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. ती मनातल्या मनात पाळण्याची जागा बघत होती.

फुलाबाई न्हाणीघरात शिरली. ती खाली बसली, बोटाच्या पेराने फरशी वाजवली, मग पाइपाभोवतीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"ताई, गळतंय का बघायला ह्या मोऱ्यांत पाणी भरून ठेवलं होतं का?"

"सगळ्या बाथरूममध्ये ठेवलं होतं, मावशी," वेदिका म्हणाली. "अठ्ठेचाळीस तास. हे बघा, रजिस्टरला नोंद आहे. नऊ मे ते अकरा मे."

"दहा मेला आखाजी होती."

"अक्षय तृतीया? बरं, मग?"

"आखाजीला आमच्याकडं पितरांची घागर भरायला पाणी नव्हतं. चार दिवस टँकर आला नाय. साइटचा आन् आमचा टँकर एकच हाय. तुमच्या गवंड्यांनी आमच्याकडं प्यायला पाणी मागितलं होतं त्या दिवशी." ती उज्वलाकडे वळली. "तू घागरीत बाटलीचं पाणी ओतलं होतंस ना?"

उज्वला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता तारखेचं कुठं लक्षात राहतं."

संतोष हसला. "मावशी, एखादा दिवस मागेपुढे लिहिला गेला असेल. काम पक्कं आहे. सही करा, दसरा तोंडावर आलाय."

"पक्कं असंल तर मग पाणी भरा. दोन दिवसांनी मी सही करीन."

उज्वलाने सही केली. फुलाबाईने केली नाही.

खाली आल्यावर वेदिकाने तिला साइटच्या ऑफिसात बसवलं आणि चहा मागवला. मग तिने रजिस्टरचं मे महिन्याचं पान काढलं.

"ही खालची सही माझी आहे, मावशी," ती म्हणाली. "मी स्वतः पाहिलं नव्हतं. तेव्हा पुढच्या फ्लॅट्सच्या कामात अडकले होते. संतोषने रजिस्टर समोर धरलं, मी सही केली. आता परत पाणी भरलं आणि गळलं, तर सगळ्यात आधी मलाच विचारतील."

फुलाबाईने बशीतला चहा संपवला. मग तिने कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली, बारकूखेरीज कोणालाच माहीत नसलेली.

"ती जुनी घरकुलं बांधली ना, तिथं मी कामाला होते. स्लॅबवर पाणी मारायचं काम माझंच. स्लॅब टाकल्यावर पंधरा दिवस त्याला ओलं ठेवावं लागतं. चौथ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, बस झालं, पाण्याला लय खर्च येतो. मला कळत होतं, हे बरं नाय. पण बोलले असते तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. म्हणलं, आपल्याला कुठं ह्यात राह्यचंय." तिने बशी बाजूला सारली. "मग सोडतीत त्याच इमारतीत माझं नाव निघालं. नऊ वर्षं डोक्यावर तो स्लॅब ठिबकत होता. माझ्या घरात ठिबकला ते ठीक हाय. पण बाकीच्या घरांत पण ठिबकला."

वेदिकाने रजिस्टर मिटलं आणि संतोषला हाक मारून पाइपांना बोळे मारायला सांगितलं.

सहाव्या मजल्यावरच्या सहा न्हाणीघरांत चार-चार बोटं पाणी भरलं. भिंतीवर खडूने पातळीची रेघ ओढली. पहिल्या दिवशी काही झालं नाही, तेव्हा संतोष फुलाबाईला बघून मुद्दाम शीळ घालत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वेदिका आणि फुलाबाई पाचव्या मजल्यावर गेल्या. पहिलं छत कोरडं होतं. दुसऱ्या घरात पाइपाभोवती ताटाएवढा ओला डाग पडला होता. तिसऱ्यात थेंब लोंबत होता. सहापैकी चार न्हाणीघरं गळत होती.

वेदिकाने त्याच संध्याकाळी कंपनीच्या वरिष्ठांना कळवलं, आणि आपल्या सहीची गोष्टही लपवली नाही. सगळी इमारत तपासायचं ठरलं. बेचाळीसपैकी एकोणीस न्हाणीघरं गळकी निघाली. दसऱ्याचा ताबा बारगळला.

शेडमध्ये ही बातमी पोचली तेव्हा फुलाबाई भाकरी थापत होती. उज्वला दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हाला काय मिळालं हो हे करून? माझी पोर आता ह्या पत्र्यात बाळंत होणार. गळलं असतं तर गळलं असतं, नंतर बघून घेतलं असतं."

"उज्वला, तुला आखाजी आठवत होती."

"आठवत होती. म्हणून काय झालं?" उज्वलाचा आवाज फाटला. "मला घर पाहिजे होतं."

ती गेली आणि त्यानंतर बोलायची बंद झाली. बाकीच्या बायकाही टँकरच्या रांगेत फुलाबाईला जागा देईनाशा झाल्या. एका म्हाताऱ्याने बारकूला सुनावलं की, तुझ्या बायकोमुळे आम्ही अजून एक हिवाळा इथंच काढणार. बारकूने ते घरी येऊन सांगितलं नाही, पण फुलाबाईला दुसरीकडून कळलंच.

"मी चुकले का हो?" तिने विचारलं.

बारकू खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत थांबला. "मला काय कळतंय त्यातलं. पण मागच्या वेळी तू गप बसलीस, तर वर्षभर तुला जेवण गोड लागलं नव्हतं. यंदा जेवतीयेस तरी."

कंपनीचे मोठे साहेब पाहणीला आले. फुलाबाईला वाटलं होतं, वेदिकाची नोकरी जाणार. वेदिकाला खरमरीत पत्र मिळालं, तिची बढती अडली, पण तिला काढलं नाही. साहेबांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. करारात दहा वर्षांची डागडुजी कंपनीच्या गळ्यात होती. लोक राहायला आल्यावर एकेक फरशी उखडण्यापेक्षा आत्ताच सगळं नीट केलेलं बरं, हे त्यांना सांगायची गरज पडली नाही. न्हाणीघराचं काम करणारा ठेकेदार बदलला, आणि त्याच्याबरोबर संतोषही गेला. कोबा उखडला, सांधे भरले, पुन्हा फरशी बसली. सरकारी अधिकाऱ्यांनीही एक अट घातली: यापुढे पाणी भरताना आणि उतरवताना रहिवाशांपैकी कोणीतरी हजर पाहिजे आणि रजिस्टरवर त्याचीही सही पाहिजे.

त्यात तीन महिने गेले. उज्वलाची लेक शेडमध्येच बाळंतीण झाली. मुलगी झाली. थंडीचे दिवस होते, पत्र्याच्या फटींतून गार वारा यायचा. फुलाबाईने जाड गोधडी बाळासाठी म्हणून बारकूच्या हाती पाठवली. गोधडी परत आली नाही, पण निरोपही आला नाही.

पुन्हा पाणी भरलं तेव्हा पायऱ्या चढून चढून फुलाबाईचे गुडघे धरले. बेचाळीस घरं, दोन दिवस, एकेक छत मान वर करून बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौथ्या मजल्यावर पोचली, तर तिथे उज्वला आधीच उभी होती. हातात बॅटरी, नजर छताकडे.

"वरचे तीन मजले बघून झालेत माझे," उज्वला म्हणाली, तिच्याकडे न बघता. "कोरडे हायेत. तुम्ही खालचे बघा, तुमचे गुडघे दुखतात."

फुलाबाई जागची हलली नाही. "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. गोधडीशिवाय झोपत नाही." उज्वलाने बॅटरी बंद केली. "माझ्या पोरीला त्या पत्र्यात लय त्रास झाला, फुलाबाई. ते मी विसरणार नाही."

"नको विसरू. मी पण नाय विसरत."

उज्वलाने पुन्हा बॅटरी लावली आणि न्हाणीघराचा कोपरा नीट दिसावा म्हणून उंच धरली. फुलाबाईने हात वर करून छतातून खाली आलेल्या पाइपाला तळवा लावला, हात खाली घेतला, उज्वलाला दाखवला. तळवा कोरडा होता.

जानेवारीत लोक राहायला गेले. बारकू लिफ्टमध्ये बसायला घाबरला आणि जिन्याने दमत दमत दुसऱ्या मजल्यावर पोचला. त्याच आठवड्यात मागच्या बाजूला दुसऱ्या इमारतीचा पाया भरायला सुरुवात झाली. दोन महिन्यांनी वेदिका एका सकाळी फुलाबाईच्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, परवा पहिला स्लॅब टाकणार आहेत. पंधरा दिवस पाणी मारतात की नाही, ते बघायला रोज कोणीतरी लागेल."

"मी येते," फुलाबाई म्हणाली. "आन् उज्वलाला पण सांगा. तिचा आवाज मोठा हाय."