शेपूट पूर्वेला हवी होती

मित्रांनो, मी एक जुना विंडसॉक आहे. विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेच्या मैदानात, धावपट्टीच्या कडेला एका उंच खांबावर माझा मुक्काम. पोरं मला नुसतं 'मोजा' म्हणतात, कारण मी दिसतोच तसा. नारिंगी कापडाचा, टाचेकडून उसवलेला, कुठल्याच पायाला न होणारा. वारा माझ्या तोंडातून शिरतो आणि शेपटीतून निघून जातो. तोंड जिकडे, तिकडून वारा आला समजायचं. इतकं सोपं काम आहे. पण आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. वाऱ्यावर तर मुळीच नाही.

हा संशयी स्वभाव बहुतेक मला शिवणाऱ्या बाईंकडून आला. त्या प्रत्येक टाका ओढून बघायच्या, मग पुन्हा ओढायच्या, आणि तरी कपाळावर आठी असायचीच. पुढे मला खांबावर चढवलं तेव्हा मिस्त्रीने मॅडमना शब्द दिला की माझं बेअरिंग, म्हणजे मी ज्याच्यावर गोल फिरतो ते चाक, तो नियमित ग्रीस लावून ठेवील. मी तेव्हाच मनात म्हटलं, बघू या.

मॅडम म्हणजे इथल्या मुख्य शिक्षिका. पोरं त्यांना टरकून असतात. त्यांची एक पद्धत आहे. उड्डाणाआधी पोराला ऑफिसच्या पायरीवर मैदानाकडे पाठ करून उभं करायचं आणि हवामानाचा कागद मोठ्याने वाचायला लावायचा. या कागदाची भाषा भलतीच चोरटी. सगळी अक्षरं आणि आकडे एकमेकांना चिकटून बसलेले. वाऱ्याच्या पाच आकड्यांत पहिले तीन वारा कुठून येतो ते सांगतात आणि उरलेले दोन त्याचा जोर. उत्तरेपासून मोजत गेलं की पूर्व नव्वदवर येते आणि पश्चिम दोनशे सत्तरवर. पुढे किती लांबचं दिसतंय, ढग किती उंचीवर आहेत, गारवा किती, हवेचा दाब किती. सरळ बोलायला काय होतं, देव जाणे. जो इतकं आखडून बोलतो तो काहीतरी लपवतोय, असं मला आपलं वाटायचं.

वाचून झालं की मॅडम पोराला माझ्याकडे वळवायच्या आणि विचारायच्या, मोजा काय म्हणतो? कागद मघाचा असतो, मोजा आत्ताचा. दोघांचं जमलं नाही तर मोज्याचं ऐकायचं, हा त्यांचा नियम. खोटं कशाला बोलू, हे ऐकून माझी छाती फुगायची.

त्या वर्षीच्या पोरांत एक पोपट होता. खरं नाव काही का असेना, सगळे त्याला पोपटच म्हणायचे. कागद हातात पडायचा अवकाश, गाडी सुटलीच. आकडे, ढग, दाब, सगळं घडाघडा. माझी त्याच्यावर पहिल्या दिवसापासून नजर होती. म्हटलं, याने हे सगळं घोकलंय, याला कळत काही नसणार. मॅडमनाही तोच संशय. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "तू वाचतोस छान, बघत नाहीस. एकदा जरी घोळ घातलास, तर जमिनीवरच बसवीन."

आता खरी गोष्ट ऐका. मिस्त्रीचं 'उद्या करतो' काही संपलं नाही आणि माझं बेअरिंग गंजत गेलं. एका रात्री मी पूर्वेकडे तोंड करून होतो, तसाच अडकलो. सकाळी वारा फिरून पश्चिमेकडून यायला लागला. मला तो पाठीवर लागत होता, पण मला वळताच येईना! तोंडाशी लोखंडी सांगाडा असल्यामुळे माझं कापड लोंबलं नाही, मी तसाच ऐटीत पसरून राहिलो. बघणाऱ्याला वाटावं, पूर्वेकडून मंद वारा आहे.

आणि नेमकं त्याच सकाळी पोपटाचं पहिलं एकट्याचं उड्डाण.

तो पायरीवर उभा राहिला आणि वाचू लागला. "दोनशे सत्तर, म्हणजे वारा पश्चिमेचा. जोर बारा." कागद बरोबर होता, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, या कागदाचं ऐका रे कुणीतरी. मॅडमनी त्याला वळवलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अडखळत सांगितलं की मोजा पूर्व दाखवतोय. मॅडम म्हणाल्या, वारा फिरला असेल, तू पूर्वेकडे तोंड करूनच उड. ऑफिसच्या भिंतीआड वारा पोचत नाही, त्यामुळे दोघांनाही काही जाणवलं नाही.

विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उडतं. पाठीवर वारा घेतला की ते जमीन सोडायला फार लांब धावतं. आमची धावपट्टी आखूड, आणि पूर्वेच्या टोकाला कुंपणापलीकडे उंच झाडं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी खांबावर खोट्या साक्षीदारासारखा गप्प उभा. मी जिवाच्या आकांताने ओढ घेतली, गंज तसूभर हलला नाही. माझ्यावर संशय घे रे पोरा, एवढंच म्हणत होतो.

पोपट विमानापर्यंत गेला. भिंतीचा आडोसा संपला आणि त्याच्या हातातला कागद फडफडायला लागला. तो थांबला. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वळून त्याने मॅडमना हाक मारली. एकदा घोळ घातला की जमिनीवर, हे तो विसरला नव्हता. त्याचा आवाजच सांगत होता.

मॅडम तणतणत आल्या. इमारतीच्या कोपऱ्यावर वारा गरगरतोच, त्याचं काय धरायचं, म्हणाल्या.

"मॅडम, मोजा अडकलाय असं वाटतंय," पोपट म्हणाला. "हे बघा." आणि त्याने कागद सोडून दिला.

कागद कुठेही गरगरला नाही. धावपट्टीवरून, माझ्या खांबाखालून सरळ पूर्वेला गेला आणि झाडांखालच्या कुंपणाला जाऊन चिकटला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, त्या झाडांकडे बघितलं. मग स्वतः चालत गेल्या, कागद सोडवून आणला आणि पोपटाच्या हातात दिला.

"जा," त्या म्हणाल्या. "पश्चिमेकडे तोंड करून."

तो उडाला, एक फेरी मारली आणि नीट उतरला. मिस्त्रीला त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते मी इथे सांगत नाही. आता तो वेळेवर ग्रीस लावतो. तरी मी प्रत्येक वेळी नीट बघतो, लावतो की नुसता डबा दाखवतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला तेलपाणी करा, कारण आम्ही बिघडलो तरी तोंडाने सांगू शकत नाही, आणि दिसायला तसेच ऐटदार दिसतो. कधी या मैदानावर आलात तर माझ्याकडे जरूर बघा. पण माझं खरं धरण्याआधी भिंतीच्या आडोशातून बाहेर या आणि हातातला कागद जरा सैल धरा.