चाकूरचा ध्यानकलश

चाकूरच्या त्या शाळेत पाचवीच्या वर्गाला पालकांनी वेढा घातला होता. खिडक्यांनाही माणसं लटकलेली. आत टेबलावर जाळीदार झाकणाचा पितळी कलश, त्याला दोन तांब्याच्या पट्ट्या. मुलानं डोळे मिटून दोन्ही पट्ट्यांवर हात ठेवायचे. ध्यान खरं लागलं, की कलशातून उजेड पडे.

"ह्यो उजेड कलशाचा न्हाई, लेकराच्या आत्म्याचा हाय!" मुलांच्या ध्यानाची परीक्षा घ्यायला आलेले शिवप्रसाद महाराज गरजले. "नो वायर, नो स्विच! डायरेक्ट ब्रह्मांड!"

एकेक लेकरू उजळत गेलं, टाळ्या पडत गेल्या. साक्षीची पाळी आली. कलश मख्ख.

"मन लई चंचल," महाराजांनी मान हलवली. "हेडसर, हिला वेगळी बसवा. बाकीच्यांचं ध्यान नासंल."

"उद्यापासूनच," हेडसर गुरुपादप्पा म्हणाले. साक्षीच्या आईनं पदर तोंडाला लावला.

वर्गशिक्षिका शिल्पा मॅडम पुढे आल्या. डोळे मिटायला भिणाऱ्या या पोरीला दोन मिनिटं शांत बसायची सवय लावायला त्यांना दोन महिने लागले होते. आधी डोळे उघडे ठेवून, नुसता पंख्याचा आवाज ऐकत. आता वर्गात सगळ्यांत निवांत तीच बसे. मग चंचल कशी? त्यांनी तिचे हात धरले. रविवारभर हरभरा उपटून तळवे फुटलेले, कोरडेठाक. शेजारी बजरंग. त्याचे हात भीतीनं घामेजलेले, आणि त्याच्या हाताखाली कलश मात्र लख्ख पेटलेला.

मॅडमनी फळा पुसायचं ओलं फडकं उचललं आणि दोन्ही पट्ट्यांवर टाकलं.

कलश उजळला.

"महाराज, फडक्याला समाधी लागली की वो!" खिडकीतून आवाज आला.

"हात लावू नका, ऊर्जा फिरायलीय—" महाराज धावेपर्यंत मॅडमनी झाकण काढलं होतं.

"ह्यो तर आमच्या दुकानातला बल्ब!" वर्गातली मनतशा ओरडली. तिच्या अब्बांचं बिजलीचं दुकान होतं. "लाईट गेल्यावर लावतात तो. आत बॅटरी राहते. बुडाला ओलं बोट लावलं तरी पेटतोय."

"ओल्या हातातून जराशी वीज वाहते, कोरड्यातून नाही," मॅडम म्हणाल्या. "जे लेकरू घाबरलं, ते पास झालं. निवांत बसलेलं नापास."

हेडसर खाली बघत पुटपुटले, "मग ध्यान बंद करावं म्हणता?"

"ध्यान कशाला? परीक्षा बंद करा, सर. शांत बसून बरं वाटतं का, ते लेकराला विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी झाकण काढून बघा."

"मॅडम," साक्षीनं हळूच विचारलं, "डोळे उघडे ठेवले तर चालतंय?"

"चालतंय की."

साक्षी आपल्या नेहमीच्या जागेवर, सगळ्यांच्या मधोमध जाऊन बसली. महाराज मागच्या दारानं निघाले होते. टेबलावर फडक्याचं ध्यान अजून चालूच होतं.