आखूड पायाची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि माझा एक पाय आखूड आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी हसायला नको.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. माणूस मोठा तोंडाळ. रंधा मारता मारता साऱ्या जगाला शिव्या घालायचा, पण माझ्या पायऱ्या त्याने जीव ओतून बसवल्या. मला नगरपालिकेच्या सभागृहात पोचवताना तो म्हणाला, "चढायला कोणीही येईल. खाली धरायला माणूस ठेवा." शिडी विकणाराच असं बोलतो, म्हणून लोक हसले.

पुढे मी खूप कामं केली. माझ्यावर चढून लोकांनी दिवे बदलले, पंखे पुसले, घड्याळाला किल्ली दिली. पण माझं मानाचं काम वेगळं होतं. अध्यक्षांच्या खुर्चीमागे, पार छताजवळ, एक लांब फळी आहे. तिच्यावर आजवरच्या अध्यक्षांची नावं लिहिली आहेत. निवडणूक झाली की पेंटर माझ्यावर चढून नवं नाव लिहायचा आणि शिपाई मला खालून धरायचा. हा शिपाई म्हणजे पेंटरच्या बहिणीचा नवरा. "भाऊजी, नीट धरा, बहीण दिलीय तुम्हाला," पेंटर वरून ओरडायचा. "म्हणून तर हात थरथरतात," शिपाई खालून म्हणायचा. सगळं सभागृह हसायचं, आणि मीही मनातल्या मनात हसून घ्यायची.

मग मला मोरीजवळच्या ओल्या कोपऱ्यात ठेवू लागले. माझा एक पाय कुजला. कोणीतरी कुजका तुकडा कापून टाकला आणि दुसरा पाय बरोबरीने कापायचा कंटाळा केला. तेव्हापासून मी डुगडुगते. शिपाई आपला बूट माझ्या आखूड पायाखाली घालायचा, तेव्हा कुठे मी सरळ उभी राहायची. कोणी धरलेलं नसताना माझ्यावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ.

फळीवरची नावं एकाच घरातली होती. आधी आजोबा, मग मुलगा, मग नातू. पेंटरला नवं आडनाव लिहायची वेळ कधी आलीच नाही. आणि मग ती निवडणूक आली. कालव्यापलीकडच्या वस्तीतल्या नर्सबाई उभ्या राहिल्या. त्या वस्तीत नळ नव्हता. तिथल्या माणसाचं नाव फळीवर जाईल, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. प्रचार असा पेटला की घराघरांत फूट पडली. पेंटर नर्सबाईंचा, शिपाई साहेबांचा, म्हणजे त्या नातवाचा. दोघांचं बोलणं बंद झालं आणि बहीण बिचारी मधल्यामधे भरडली गेली. निकाल लागला. नर्सबाई जिंकल्या.

खुर्ची सोपवायच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. एका बाजूला जिंकलेले, दुसऱ्या बाजूला हरलेले, मधे मी. शिपाई दाराशी हाताची घडी घालून उभा होता. त्याला हाक मारायची नाही, या हट्टापायी पेंटर तसाच वर चढला.

"जुनी नावं खरवडून काढ!" जिंकलेल्यांतून आवाज आला आणि एक धारदार पाती हातोहात पेंटरपर्यंत पोचली.

"हात तर लाव, मग बघतो खाली कसा येतोस! मोजणीच खोटी आहे!" पलीकडून उत्तर आलं.

रेटारेटी सुरू झाली. कोणाचा तरी खांदा मला लागला. मी तिरकी झाले. रंगाचा डबा खाली आदळला. पेंटर एका हाताने फळीला लोंबकळला, आणि ती जुनी फळी कुरकुरू लागली.

नर्सबाई धावत आल्या. त्यांनी माझा एक दांडा घट्ट धरला आणि वर बघून म्हणाल्या, "पाती टाक खाली."

"ताई, आज तरी त्यांची बाजू घेऊ नका!" त्यांचाच एक माणूस ओरडला. "आपल्या बायका अजून कालव्यावरून पाणी वाहतात!"

"माझी आई पाणी वाहूनच वाकली," बाई म्हणाल्या. "म्हणून तर नावं राहू देत. कोणी काय केलं न् काय नाही, ते लोकांना वाचता आलं पाहिजे. उद्या माझंही वाचू देत."

पाती खाली पडली. पण माझा दुसरा दांडा मोकळाच होता आणि एकट्या बाईंना मी आवरेना. तेव्हा साहेब खुर्चीतून उठले.

"साहेब, तिकडे गेलात तर आपण संपलो," कोणीतरी त्यांचा हात धरला.

"मोजणीच्या वेळी मी स्वतः तिथे बसलो होतो," साहेब म्हणाले. "खोटं काही नाही. हरलो मी."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझा दुसरा दांडा पकडला. त्यांच्या कपड्यांना रंग लागला. ते प्रेमाने आले होते असं नाही, त्यांच्या मुठीतला राग मला कळत होता. पण मूठ सुटली नाही.

मग शिपाई दाराजवळून तरातरा आला. "सरका साहेब, तुम्हाला जमायचं नाही," असं म्हणत त्याने बूट माझ्या पायाखाली घातला. मग सांडलेला डबा उचलून वर देत, पण वर न बघताच तो पेंटरला म्हणाला, "उरलेल्या रंगात लिही लवकर. पडलास तर तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?"

पेंटरने नाव लिहिलं. अक्षरं जरा वाकडी आली. ती अजून तशीच आहेत.

मित्रांनो, पुढे सगळं गोडीगुलाबीने चाललं, असं मी सांगणार नाही. नळावरून साहेब आणि बाई त्याच सभागृहात कडाकडा भांडले. पण नळ आला. पालिकेने घडीची ॲल्युमिनियमची शिडी आणली आणि मी पुन्हा ओल्या कोपऱ्यात गेले.

पुढच्या निवडणुकीत नर्सबाई हरल्या. नवी शिडी फळीपर्यंत पोचेना, म्हणून मला बाहेर काढलं. शिपाई तोवर निवृत्त झाला होता. आता बाईंची माणसं हाताची घडी घालून दाराशी उभी होती, अगदी त्याच जागी. म्हातारा पेंटर माझ्याजवळ येऊन थांबला, खाली कोणी धरल्याशिवाय त्याला चढवेना. मीही घाबरले.

इतक्यात बाई आल्या. त्यांनी आपला पाय माझ्या आखूड पायाखाली ठेवला. आपल्याला हरवणाऱ्याचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून होईतो त्या तशाच उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते. पाय मात्र हलला नाही.

मित्रांनो, मला ओलीत ठेवू नका, एवढीच माझी विनवणी होती. आता आणखी एक आहे. तुमच्या मनाविरुद्धचा माणूस माझ्यावर चढेल, तेव्हा त्याच्याशी खुशाल भांडा. पण भांडताना मला धरून ठेवा.