तळ्याकाठी ठेवलेलं पान

बायको सगुणा गेल्याचं कळलं तेव्हा भिकाजी आखातातल्या अल ऐनजवळच्या एका तळ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात दोरी, दोरीच्या टोकाला कोंबडीचं कातडं, आणि त्या कातड्याला धरून वर येणारी लालसर डेंग्यांची, नांग्यांची, एक शेवंड. फोन काठावर रामेश्वरकडे होता. रामेश्वरने तो उचलला, थोडं ऐकलं, आणि भिकाजीपुढे धरला. पलीकडे सगुणाचा धाकटा भाऊ अनिल होता. सकाळी परसात पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं, असं तो म्हणाला. हातातली दोरी भिकाजीने सोडली नाही. शेवंडीनेही कातडं सोडलं नाही.

भिकाजी देवगडकडचा. मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेशनचं काम करायचा. रामेश्वर परभणीचा, त्याच्याच खोलीत राहणारा. पिकअप चालवणारा हमीद पेशावरकडचा, आणि तळ्याशेजारच्या खजुराच्या बागेत त्याचा मामेभाऊ राखणदार होता. तळ्यात या शेवंडी झाल्यात हे हमीदनेच सांगितलं होतं. कुणीतरी आपल्या घरच्या काचेच्या टाकीतून आणून सोडल्या असं म्हणत. त्या वाढल्या आणि माशांची अंडी फस्त करू लागल्या. "ये यहाँ की चीज नहीं है, भाईजान," हमीद म्हणायचा. "जितनी ले जा सको, ले जाओ."

अंग समुद्रातल्या शेवंडीसारखं लांब आणि डेंगे कुर्लीसारखे, म्हणून भिकाजी त्यांना शेवंडीच म्हणायचा. त्याचं लहानपण गावच्या ओढ्यात, वहाळात, कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडण्यात गेलेलं, त्यामुळे त्याला हे नवं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बादलीभर पकडून आणायचा आणि खोबरं भाजून कुर्ल्यांसारखंच कालवण करायचा. सगुणा फोनवरून सांगत असायची, खोबऱ्याचं वाटप करपवू नका, मीठ शेवटी घाला. तिला स्वतःला कुर्ल्यांचं कालवण जीव की प्राण. मूलबाळ नव्हतं. घरात ती एकटीच. फोन ठेवताना दर वेळी एकच विचारायची, कायमचे कधी येणार. हा म्हणायचा, बघू.

व्हिसा रिन्यूअलला गेला होता. तो होईपर्यंत देश सोडता येत नव्हता. अग्नी अनिलने दिला.

दहाव्याला अनिलने नदीवरून व्हिडिओ कॉल लावला. पिंड ठेवले होते. वर आंब्यावर कावळे बसलेले दिसत होते, पण खाली एकही उतरत नव्हता. गेलेल्या माणसाचं काही राहिलेलं असलं की कावळा शिवत नाही, आणि ते करू असा शब्द कुणीतरी दिला की शिवतो. सगळ्यांचे शब्द देऊन झाले होते. तिच्या म्हाताऱ्या आईला सांभाळू म्हणाले, गाईला बघू म्हणाले. मग अनिलने फोन पिंडांसमोर धरला. "भावजी, कावळो शिवणा नाय. तुमी कायतरी बोला."

इकडे वर्कशॉपमध्ये मागे ग्राइंडर चालू होता, भोवती माणसं होती. भिकाजीच्या तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि उरकलं. पण दर्भाच्या शिवण्यावर भिकाजीचा विश्वास नव्हता. सगुणा अडकून राहिली आहे असंच त्याला वाटत होतं. जेवताना, वेल्डिंग करताना, मागे कुणीतरी थांबलं आहे असं वाटायचं.

त्याने ठरवलं, तिची वाडी, तिच्या नावाने वाढलेलं पान, आपण स्वतः दाखवायची. कामगारांच्या कॅम्पच्या गच्चीवर जायला बंदी होती. म्हणून तळ्यावर. केळीचं पान दुकानातून आणलं. बागेतल्या शेगडीवर भात केला, पकडलेल्या शेवंडींचं कालवण केलं, कुर्ल्या नाहीत तर हेच तिच्या आवडीचं म्हणून. पाण्याजवळच्या सपाट दगडावर पान मांडलं आणि तो मागे सरून उभा राहिला. रामेश्वर आणि हमीद पिकअपपाशी थांबले. हमीदला काही कळलं नव्हतं, पण त्याने गाण्याचा आवाज बंद केला.

कावळा नव्हताच. एक बगळा होता, तोही उडून गेला. ऊन उतरलं.

"तुझ्या आईला बघेन," भिकाजी म्हणाला. काही हललं नाही. तुळशीला पाणी घालायला माणूस ठेवीन म्हणाला. घराची कौलं परतून घेईन म्हणाला. पाणी तसंच सपाट. मग ती दर वेळी जे विचारायची ते त्याला आठवलं.

"सगुणा, मी कायमचा येतो. परत इथे यायचं नाही."

पाण्याच्या कडेला खडीवर बारीक आवाज झाला. एक शेवंड बाहेर आली. माणसं समोर असताना ती कधी पाणी सोडत नाही. ती दगडावर चढली, लांब मिशी पुढे करून तिने पानाला स्पर्श केला आणि थांबली. तिच्या मागून दुसरी आली. मग कडेकडेने सगळीकडून येऊ लागल्या. भात संपला. कालवणातल्या आपल्याच जातीच्याही त्यांनी खाल्ल्या. आवाज फक्त डेंग्यांचा. पान धुतल्यासारखं स्वच्छ झालं आणि त्या आल्या तशा पाण्यात गेल्या.

"भाऊ," रामेश्वर हळूच म्हणाला, "हे शिवलं म्हणायचं का?"

"शिवलं."

"यल्ला, चलो," हमीद म्हणाला आणि आधी जाऊन गाडीत बसला.

सकाळी पकडलेल्या काही शेवंडी बादलीत जिवंत होत्या. वाटेत पेट्रोल पंपावर रामेश्वरने डोकावलं. सगळ्या एका बाजूला दाटीने चिकटून बसल्या होत्या. तुझ्या गावाकडे तोंड करून बसल्यात बघ, असं म्हणत तो हसला आणि त्याने बादली फिरवली. त्या चालत चालत पुन्हा त्याच दिशेच्या कडेला गेल्या. त्याने परत फिरवली. त्या परत गेल्या. मग रामेश्वर हसला नाही. त्या रात्री कुणी कालवण केलं नाही.

मागे कुणी थांबल्यासारखं वाटायचं ते त्या दिवसापासून बंद झालं. भिकाजीला झोप लागू लागली. व्हिसा झाला. फोरमन म्हणाला, जाऊन ये. भिकाजी म्हणाला, हातातलं काम होऊ दे. ते काम झालं, दुसरं आलं. रिकाम्या घराचं दार आपण उघडायचं, या विचारापाशी आला की तो दुसऱ्या कशाला तरी लागायचा.

सुट्टीच्या दिवशी तो तळ्यावर जातो. आता दोरीला कातडं बांधत नाही. नुसती दोरी सोडली तरी ती जड होते. ओढली की शेवंडी दोरी धरून काठावर येतात. त्या बादलीत जात नाहीत, पाण्यातही परतत नाहीत. त्याच्यासमोर बसून राहतात. रामेश्वर आता बरोबर येत नाही. हमीद गाडीतून उतरत नाही.

भिकाजी त्यांना सांगतो, पुढच्या महिन्यात. मग त्या एकेक करून पाण्यात जातात.

तिकीट अजून काढलेलं नाही.