हात नव्हता चुकला

मी राउटरचा बिट बोलतोय. लाकडाच्या कडा तासणारं मशीन असतं ना, त्याच्या तोंडाशी गरगर फिरतो तो मी. दिसायला बोटाएवढा, पण अंगावर कार्बाइडची दोन पाती, समोरासमोर, बारीक स्क्रूंनी बसवलेली. दोघांनी सारखं कापायचं, ही आमची रीत. पात्याला दोन्हीकडे धार असते. एक बोथटली की उलटून बसवायचं.

माझे मालक श्यामकांत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि गाझियाबादच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सुतारकाम मांडून बसले. अलीकडे त्यांचे हात थरथरतात. चारचौघांत ते खिशात घालून लपवतात, पण माझ्यापासून काय लपणार?

लेकीचं, वीणाचं लग्न ठरलं. नवरा-नवरीचे दोन पाट आपणच करणार, असं त्यांनी जाहीर केलं.

"बाबा, ऑनलाइन मागवते ना. बिल्कुल असेच मिळतात," वीणा म्हणाली.

"मिळू देत. दोन्ही नीट झाले तर हात शाबूत. नाहीतर मशीन विकून टाकीन."

पहिला पाट झकास उतरला, पण त्यात माझी धार गेली. त्यांनी प्लग काढला, एक पातं उलटलं आणि दुसऱ्याकडे बघून म्हणाले, "हे चालतंय अजून. चालतंय ते कशाला हलवा?" पस्तीस वर्षं ऑफिसात हेच तर केलेलं. शिवाय पातं बसतं त्या खोबणीतला भुसाही पुसला नाही. त्यामुळे उलटलेलं पातं केसभर बाहेर राहिलं. आता सगळं तेच कापणार आणि दुसरं नुसतं फिरणार, हे मला कळत होतं, सांगू कसं?

दुसऱ्या पाटाच्या कडेवर लाटा उठल्या. श्यामकांत मटकन खुर्चीत बसले. "हातच गेला माझा," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांच्या पत्नी सुनंदाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं.

"अहो, या लाटा मोजून मारल्यासारख्या आहेत. जन्मभर शिलाई मशीन चालवलंय मी. इतके सारखे टाके मशीन घालतं, हात नाही."

श्यामकांतांनी मला मशीनमधून उतरवलं. सुनंदाबाईंनी जुन्या टूथब्रशने खोबणी घासल्या, दुसरं पातंही उलटलं, दोन्ही मागे टेकवून मगच स्क्रू आवळले. मला मशीनमध्ये बसवून, प्लग न लावताच, लाकडाच्या तुकड्याशी हाताने फिरवलं. दोन्ही पाती सारखीच घासली. मग प्लग लावून श्यामकांतांनी कडेवरून पुन्हा मशीनचा एक हलका हात फिरवला, थरथरत्याच हातांनी, आणि लाटा गेल्या.

तो पाट पहिल्यापेक्षा किंचित लहान झाला. लग्नात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मशीन अजून विकलेलं नाही. मी पेपरमिंटच्या डबीत आरामात आहे. एवढंच मागतो: पाती बदलाल तेव्हा दोन्ही बदला, खोबण पुसा. आणि काम बिघडलं, तर म्हाताऱ्या हातांना दोष देण्याआधी एकदा मला तपासून बघा.